आक्कानं पोहण्याबद्दल लिहिलंय

४ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

तू फोन ठेवलास त्याला सव्वा महिना झाला. ठेवलास म्हणजे आपटलास. चूक माझीच. "धाप का लागतेय रे तुला" हे मी तिसऱ्यांदा विचारायला नको होतं. तू म्हणालास, आक्का, तू बोलत नाहीस, तपासतेस. बरं बाबा. यापुढे पत्रं. कागदाला नाडी नसते, त्यामुळे तुझी सुटका झाली.

आता बातमी. रिटायर होऊन घरात बसणं मला काही झेपलं नाही. आयुष्यभर लोकांच्या पोटात दुर्बीण घातली, ती सवय सुटत नाही. म्हणून एक काम घेतलं आहे. मोठ्या आतड्याला सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं, त्या आजारावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू आहे. हो, तोच आजार. आईचा, आणि तुझाही. अर्ध्या रोग्यांना खरं औषध देतात आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. कुणाला काय मिळालं हे रोग्यालाही माहीत नसतं आणि त्याच्या डॉक्टरलाही. दवाखान्यात आतड्याचा व्हिडिओ काढतात आणि तो माझ्यासारख्या चार-पाच जणांकडे घरी येतो. मी तो बघायचा आणि शून्य ते तीनमधला एक आकडा द्यायचा. शून्य म्हणजे निरोगी, तीन म्हणजे खोल जखमा. नाव नाही, वय नाही, बाई की पुरुष तेही नाही. फक्त एक नंबर.

स्क्रीन आईच्या खोलीत मांडली आहे. अंधार लागतो म्हणून खिडकीला काळं कापड ठोकलं. खाट तर आपण केव्हाच काढली, पण तिच्या चार पायांचे डाग फरशीवर अजून आहेत. माझी खुर्ची नेमकी त्या चार डागांच्या मध्ये येते. सरकवून पाहिली, पण मग वायर पुरत नाही.

आणि हसू नकोस, मी पोहायला शिकते आहे. त्रेसष्टाव्या वर्षी. वर्गात बाकी सगळे सहा-सात वर्षांचे. मास्तर ओरडतो, "आजी, पाय मारा, पाय!"

तुझं पोट कसं आहे ते एका ओळीत लिही. एकाच ओळीत, जास्त विचारत नाही.

तुझी,
आक्का


१७ फेब्रुवारी

प्रिय आक्का,

पोट गपगुमान आहे. झाली तुझी एक ओळ.

बाकी बस चालूच आहे. सकाळची पाळी, अठ्ठावीस थांबे. त्यातल्या अकरा थांब्यांवर बरे संडास आहेत. हे ज्ञान साऱ्या खात्यात माझ्याशिवाय कुणाकडे नाही, रिटायर होताना मी ते लिहून देणार आहे. आमची सुईवाली शिलाई मशीनवर बसल्या बसल्या म्हणते, आक्कांना नमस्कार सांगा आणि यांना जेवायला सांगा. मी जेवतो गं. लहानपणी जेवढं हादडलं, त्यावर अजून दहा वर्षं निघतील. ढब्बू नाव उगाच नाही पडलं.

तुझं काम ऐकून गंमत वाटली. म्हणजे तुला दिसतं सगळं, पण कुणाचं ते कळत नाही. खरंच नाही कळत? मास्तर लोक नाव झाकून पेपर तपासतात, तरी पोराचं अक्षर ओळखतातच की. समज, उद्या एखादं ओळखीचं आतडं समोर आलं, तर? आणि ओळखलंस तर त्या माणसाला सांगायची मुभा असते का? मी आपलं सहज विचारतोय. बसमध्ये डोकं रिकामं असतं, काहीबाही सुचतं.

पोहताना नाकात पाणी गेलं तर घाबरू नकोस. बाजूच्या पोराचा हात धर.

तुझा,
ढब्बू


६ मार्च

प्रिय ढब्बू,

ओळखीचं आतडं म्हणे! वाचून मी एकटीच हसत बसले. अरे, सगळी सारखीच असतात. आणि समज कळलंच, तर नियम स्पष्ट आहे. कंपनीला ताबडतोब कळवायचं, त्या रोग्याचे व्हिडिओ दुसऱ्याकडे जातात. रोग्याला मात्र चकार शब्द बोलायचा नाही. मी तशी सही करून दिली आहे, आणि मी सही केली की केली, हे तुला ठाऊक आहे.

शिवाय व्हिडिओ क्रमानं येत नाहीत. हा औषधाआधीचा की नंतरचा, हे आम्हाला मुद्दाम कळू देत नाहीत. कधी दुसऱ्या वाचकाकडे गेलेला जुना व्हिडिओ ताडून पाहायला माझ्याकडे येतो. कधी मीच पाहिलेला पुन्हा पाठवतात, दोन्ही वेळी तोच आकडा देते का ते बघायला. त्यामुळे समोरचा माणूस सुधारतोय की बिघडतोय, मला काही पत्ता नसतो. आधी विचित्र वाटलं, आता सवय झाली.

एक सांगते, सुईवालीला सांगू नकोस, घाबरेल. या व्हिडिओंना आवाज नसतो. पण परवा दुपारी बघताना कुणीतरी कण्हल्यासारखं वाटलं. मी व्हिडिओ थांबवला, तरी ते थांबलं नाही. काळं कापड वर करून खिडकीबाहेर पाहिलं, तर शेजाऱ्यांचं मोटार धुणं चाललं होतं. त्याचाच आवाज असणार. पण मग दुसऱ्या दिवशी मी खोलीचं दार उघडं ठेवून बसले.

तुझी,
आक्का


२५ मार्च

प्रिय आक्का,

मोटार नसेल, आईच असेल. आपल्या खोलीत कोण काय बघतंय ते बघायला आली असेल. तिला कुठे राहवायचं!

थट्टा बाजूला. आई गेली त्या दिवशी मी तुला दारातच म्हणालो होतो, "तू म्हणाली असतीस तर तिनं आतडं काढू दिलं असतं." सर्जन काढू या म्हणत होता, तू नवीन डॉक्टर, तू म्हणालीस आठ दिवस औषधावर थांबू, आणि आई फक्त तुझं ऐकायची. आठ दिवस काही निघाले नाहीत. पस्तीस वर्षं झाली. ते वाक्य परत घ्यायचं राहूनच गेलं. समोर बसून जमलं नाही, फोनवर तर आपण भांडतोच. म्हणून इथे लिहितो, ते परत घेतलं.

पण एक खरं आहे आक्का. त्या दिवसापासून पोटाबद्दल तुझ्या तोंडून काही ऐकायचं म्हटलं की मला धडकी भरते. आणि मजा बघ, तुला सोडून दुसऱ्या कुठल्या डॉक्टरवर माझा काडीचा विश्वास नाही. म्हणजे मी अधांतरीच. सुईवाली म्हणते, तुमच्या घराण्यात सगळेच शहाणे.

चल, ब्रेक तपासायचे आहेत.

तुझा,
ढब्बू


२७ एप्रिल

(हे पत्र पाठवलेलं नाही.)

ढब्बू,

आज सकाळी स्क्रीनवर तू आलास.

दिवसातला तिसरा व्हिडिओ. पहिल्या वितीपासून रक्त. आतली कातडी जागोजाग सोललेली, दुर्बिणीचा नुसता स्पर्श झाला तरी वाहायला लागत होती. मी आकडा तीन हा मनात धरूनच पुढे बघत होते. डाव्या वळणाच्या जरा अलीकडे तीन काळे ठिपके दिसले. दोन शेजारी शेजारी, तिसरा खाली आणि वाकडा.

बारा वर्षांपूर्वी तू एकदाच माझ्यासमोर टेबलावर झोपलास. त्या जागेची एक गाठ मी काढली आणि पुढे जागा सापडावी म्हणून शेजारी शाई टोचली. ती जन्मभर जात नाही. हजारो लोकांना टोचली असेल, प्रत्येकाला एकच ठिपका, एकाच टोचण्यात. तुझ्या वेळी माझा नेमच बसेना. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जागेवर बसला. तू शुद्धीवर आल्यावर मी कबूल केलं, तर तू म्हणालास, "म्हणजे आक्का, तू आतून सही केलीस!"

मी व्हिडिओ मागे नेऊन पाच वेळा पाहिला. शंकेला जागाच नाही.

आणि खोलीत कुणीतरी होतं. मी डॉक्टर आहे, हे लिहायची मला लाज वाटते. पण खुर्चीच्या मागे, आईची उशी असायची तिथे, कुणीतरी माझ्याबरोबर स्क्रीनकडे बघत होतं. मी मान वळवली नाही. ती काय विचारणार हे मला माहीत होतं. याला तरी सांगशील ना, असंच विचारलं असतं तिनं.

नियमानं मी या क्षणी कंपनीला कळवायला हवं. कळवलं की तुझे व्हिडिओ दुसऱ्याकडे जातील. तू तर मला लिहितोस की पोट गपगुमान. मग तू कसा आहेस हे कळायला मला दुसरा रस्ताच उरत नाही. म्हणून कळवलं नाही. भावावर चोरून नजर ठेवते आहे, असं म्हण हवं तर.

उद्या हे पत्र टाकते. आतडं काढून टाक, ढब्बू. आईच्या वेळी म्हणाले नाही, आता म्हणते.

पण हा व्हिडिओ औषधाआधीचा असेल तर? खरं औषध तुझ्या वाट्याला आलं असेल आणि ते आता कुठे लागू पडत असेल तर? मी तोंड उघडलं तर तुला चाचणीतून काढतील आणि ते औषधही जाईल. रात्रभर विचार करते.


२९ एप्रिल

प्रिय ढब्बू,

उन्हाळा फार आहे. सुटी काढून आठ-दहा दिवस इकडे ये ना. सुईवालीलाही घेऊन ये. मागची खोली मी आवरून देते. वजन-बिजन करू, रक्त तपासू, सहज. तपासते म्हणून ओरडू नकोस, वय झालं की सगळेच करतात.

माझं पोहणं सध्या बंद आहे. सर्दी झाली होती.

लवकर कळव. खरंच ये.

तुझी,
आक्का


१४ मे

प्रिय आक्का,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू कधी "खरंच ये" असं लिहिलेलं मला आठवत नाही. तू नेहमी "यायचं तर ये, गादी एकच आहे" असं लिहितेस.

सुटी मिळत नाही. सध्या मला डेपोत वेळापत्रकाच्या खिडकीवर बसवलंय, थोडे दिवस. पाठ दुखते म्हणून. वर पंखा आहे, हाताशी संडास आहे, मजा आहे.

आक्का, माझ्याबद्दल काही वाईट स्वप्न-बिप्न पडलं का तुला? पडलं असेल तर लिही, मी चिडणार नाही. आई शप्पथ. फोन आपटणार नाही, कारण आपल्यात आता फोनच नाहीये. तू जे म्हणशील ते मी करीन, या वेळी वाद घालणार नाही. आणि तसं काही नसेल तर आपलं पोहण्याचं लिही. ते वाचायला मला आवडतं.

जरा लवकर लिही. तारखा ठरवायच्या असतात.

तुझा,
ढब्बू


३ जून

(२७ एप्रिलच्या कागदावरच, खाली.)

ढब्बू, तू बरा होतो आहेस!

तुझं पत्र टेबलावर पंधरा दिवस पडलं होतं. स्वप्न म्हणतोस, वेड्या. काय लिहावं ते ठरत नव्हतं. रोज हा कागद पाकिटात घालायची आणि काढायची. आज सकाळी पुन्हा तेच तीन ठिपके समोर आले, पण भोवती कातडी गुलाबी! लाली आहे, थोडा ओरखडा आहे, बस. एप्रिलमध्ये सोललेलं होतं तिथे आता शिरांची जाळी दिसते. औषध लागू पडलं. खरं औषध तुलाच मिळालं. मी एक हा आकडा दिला आणि खुर्चीत बसून रडले. मागे कुणी नव्हतं. मी मुद्दाम वळून पाहिलं.

आता हे पत्र टाकायची गरज नाही. उगाच तुला घाबरवलं असतं.


४ जून

प्रिय ढब्बू,

स्वप्न-बिप्न काही नाही रे. उन्हाळ्यानं डोकं फिरलं होतं, दुसरं काय. यायचं तर ये, गादी एकच आहे.

पोहण्याचं ऐक. काल मी तलावाची रुंदी पार केली. लांबी नव्हे, रुंदीच, पण कुणाचा हात न धरता. पलीकडच्या कठड्याला हात लागला तेव्हा सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर म्हणाला, "आजी, आता तुम्हाला कुणी बुडवू शकत नाही." घरी येऊन चार घास जास्तच जेवले. पुढच्या महिन्यात लांबी.

पाठीला शेक दे. खिडकीवर बसून खा-खा करू नकोस.

तुझी,
आक्का


१८ जून

प्रिय आक्का,

तुझं पत्र आलं आणि जीव भांड्यात पडला. सुईवालीला मोठ्यानं वाचून दाखवलं. टाळ्यांचं दोनदा.

गेला महिनाभर एक काम डोक्यावर टांगून ठेवलं होतं. बावीस तारखेची वेळसुद्धा घेतली होती. ते रद्द करून टाकलं. नाही म्हटलं तर फार हलकं वाटतंय. ती मात्र फुरंगटून बसली आहे, दोन दिवस मशीनला हात लावला नाही. येईल ताळ्यावर.

तू लांबी पार केलीस की तार कर. आता तार नसते म्हणा. तरी कर.

तुझा हलका झालेला,
ढब्बू


११ सप्टेंबर

आक्कांना नमस्कार.

हे जाऊन आज चाळीस दिवस झाले. तुम्ही आला होतात तेव्हा घरात माणसं होती, त्यात मला तोंड उघडता आलं नाही. तुम्हीही कपाटाला टेकून नुसत्या बसून होतात. म्हणून लिहिते. मला तुमच्यासारखं नीट लिहिता येत नाही, सांभाळून घ्या.

यांनी तुम्हाला जे सांगितलं नाही ते आता मी सांगते. जानेवारीत यांचं पोट परत बिघडलं. फार नव्हतं. तपासलं तर लाली आहे, थोडं सोललंय म्हणाले. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, नव्या औषधाच्या चाचणीत येता का, आणि हे गेले. फेब्रुवारीत तुमचं पत्र आलं, तुम्ही त्याच कामावर आहात म्हणून. आपल्या कागदांवर चाचणीचं जे लिहिलं होतं ते यांनी तुमच्या पत्राशी ताडून पाहिलं. तेव्हापासून यांना कुणी सांगून पटेना. म्हणायचे, आक्का बघणार. माझ्या आत तिची सही आहे, ती ओळखणारच. तिला विचारायला नको, तिनं मला सांगायला नको. वाईट असलं तर सही-बिही धाब्यावर बसवून ती लिहील, काढून टाक म्हणून. आणि ठीक असलं तर पोहण्याबद्दल लिहील.

एप्रिलमध्ये पुन्हा दुर्बीण घातली, तेव्हा डॉक्टरांनी मलाच बाहेर बोलावलं. म्हणाले, फार वाढलंय, औषधाचा काही उपयोग झाला नाही, चाचणी सोडा आणि आतडं काढून घ्या. पोटावर संडासची पिशवी लागेल, पण माणूस राहील. हे म्हणाले, आक्काचं पत्र येऊ दे. मी हात जोडले. तरी बावीस जूनची वेळ घेतली ती माझ्यासाठी. मग तुमचं ते पत्र आलं. हे स्वयंपाकघरात येऊन हात वर करून नाचले. आक्कानं पोहण्याबद्दल लिहिलंय, आक्कानं पोहण्याबद्दल लिहिलंय, असं म्हणत. अंगात शर्ट नुसता लोंबत होता. त्याच दिवशी फोन करून वेळ रद्द केली.

जुलैच्या शेवटी आतडं फुटलं. मग कापलं, पण उशीर झाला होता. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

आक्का, मला एकच विचारायचं आहे. तुम्हाला ओळखू आलं नव्हतं ना? मी यांना तेव्हाही म्हणायचे, अहो, तिथे हजारांनी व्हिडिओ येत असतील, तुमचा कदाचित दुसऱ्या कुणाकडे गेला असेल. तुम्ही नुसतं "नाही" एवढंच लिहा. म्हणजे हे खुळे होते, आपल्याच खुळापायी गेले, असं म्हणून मी यांच्यावर रागावेन. तो राग मला झेपेल. दुसरं काही झेपेल असं वाटत नाही.

जेवणाकडे लक्ष द्या. यांनी तुमची पत्रं एका डब्यात ठेवली आहेत, ती मी वाचलेली नाहीत. फक्त यांनी मोठ्यानं वाचलं तेवढंच मला माहीत.

तुमची,
भावजय


१७ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझ्या पत्राचं उत्तर मी चार दिवसांत चार वेळा लिहिलं. पहिल्या तीन पत्रांत "नाही" असं लिहिलं होतं. तिसरं तर फार छान जमलं होतं. वाचून तुला झोप लागली असती.

मला ओळखू आलं होतं.

एप्रिलमध्ये मी त्याला पाहिलं, तीन ठिपक्यांसकट. खोल जखमा पाहिल्या. आतडं काढून टाक, असं पत्रही लिहिलं. ते अजून माझ्या टेबलात आहे, ते तुला देईन. ते टाकलं नाही, कारण मला वाटलं, हा व्हिडिओ औषधाआधीचा असेल, थांबून बघावं. पुन्हा एकदा थांबून बघावं. जूनमध्ये दुसरा व्हिडिओ आला, पुष्कळ चांगला. मी आनंदानं वेडी झाले आणि त्याला तलावाचं लिहून पाठवलं.

तुझ्या पत्रात जानेवारीचं वाचलं. लाली, थोडं सोललेलं. जूनमध्ये मी जो पाहिला तो जानेवारीतला होता, वहिनी. आधी दुसऱ्या कुणीतरी पाहिलेला, ताडून पाहायला माझ्याकडे पाठवलेला. क्रम कळत नाही हे मी स्वतः त्याला मार्चमध्ये लिहिलं होतं, शहाणपणानं. आणि माझी वेळ आली तेव्हा मला हवा तो क्रम मी लावून घेतला. त्या दिवशी आकडासुद्धा मी एक दिला. नीट डोळ्यांनी पाहणाऱ्यानं दोन दिला असता.

त्यानं मला मे महिन्यात विचारलं होतं, स्वप्न पडलं का म्हणून. तो काय विचारतोय हे मला तेव्हा कळलं नाही. त्याला माझ्यापासून लपवायचंय असं मी धरून चालले होते, आणि तो तर माझ्यासमोर येऊन उभा होता. हे मला कुणी माफ करावं असं वाटत नाही. आईनंही नाही.

गेल्या सोमवारी तो पुन्हा स्क्रीनवर आला. एप्रिलचाच व्हिडिओ, माझा आकडा तोच येतो का ते बघायला पाठवलेला. आतडं हलत होतं, वहिनी. आकसत होतं, सैल पडत होतं, जिवंत. जुलैत कापून काढलेलं, आज कुठेच नसलेलं. मी ते शेवटपर्यंत पाहिलं. मागे यावेळी दोघं उभी होती असं मला वाटलं. मी आकडा दिला नाही. कंपनीला सगळं लिहून कळवलं, कधी ओळखलं, किती दिवस लपवलं, सगळं. ते माझे सगळेच आकडे रद्द करतील, करायलाच हवेत. काम सोडलं. काळं कापड काढलं. खोलीत ऊन येतं आता. तरी त्या खुर्चीत बसवत नाही.

तुला राग त्याच्यावर नको, माझ्यावर हवा. तो झेपणार नाही म्हणतेस, पण खोट्यावर तुला झोपवून मी इथे निवांत बसू शकत नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. आम्ही दोघांनी टाकलेली आणि न टाकलेली पत्रं बास झाली. उद्या सकाळच्या गाडीनं मी स्वतः ते घेऊन येते. तू ते वाचशील तेव्हा मी तुझ्यासमोर बसलेली असेन. पाणीसुद्धा विचारू नकोस. आधी वाच, आणि मग तोंडाला येईल ते बोल. मी उठून जाणार नाही.

तुझी,
आक्का